लिफ्ट बंद पडण्याआधी

संशोधिकेने कागदाची लांब पट्टी टेबलावर उलगडली, ती परत गुंडाळली जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांवर पाण्याचे ग्लास ठेवले आणि लाल पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. पट्टीवर महिन्यांचे चौकोन छापलेले होते. तीन वर्षांचे छत्तीस.

"हिरवं म्हणजे गांजा, लाल म्हणजे त्रास," ती म्हणाली. "तुमच्या तिघांशी मी वेगवेगळी बोललेय. त्यात कोण काय म्हणालं ते मी सांगणार नाही. आज एकत्र बसून जे ठरेल ते या पट्टीवर भरायचं."

"ठरवायचंय काय डोंबल!" ताई म्हणाली. "आधी गांजा, मग आजार. लिहा."

धाकटा हसला. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

ताई मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. आज दोन शिकाऊंना सुट्टी देऊन ती हौसेने आली होती. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा हा अभ्यास होता. अकरा वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा दाखल झालेल्यांना पुन्हा बोलवायचं आणि गांजा आधी सुरू झाला की आजार, ते शोधायचं. हे कुणीतरी आपल्याला विचारावं, सही-शिक्क्यानिशी कुठेतरी लिहून घ्यावं, अशी ताईची केव्हाची इच्छा होती. गाडी शिकायला आलेल्या पोरांना ती क्लचच्या आधी गांजावर भाषण द्यायची.

कारण तिच्यापुरता प्रश्न केव्हाच सुटला होता. विशीतला धाकटा भाऊ एका दुपारी खोलीची कडी लावून बसला, आरसा फोडला, आणि चौघांनी धरून त्याला याच इमारतीत आणावं लागलं. गांजा त्याला दिला होता लंबूने. लंबू म्हणजे ताईचा होणारा नवरा. त्याने ते कबूलही केलं, हो, गच्चीवर बसून ओढायचो आम्ही, महिन्यातून एकदोनदा. मग राहिलं काय? ताईने वॉर्डाबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत त्याची अशी हजेरी घेतली की आतून नर्स धावत आली. लग्न मोडलं. एवढ्यावर थांबली तर ती ताई कसली! त्याच्या कंपनीत जाऊन साहेबांच्याही कानावर घालून आली. आणि लंबू? मूग गिळून उभा राहिला. तिच्याकडे नुसता बघत होता, ब्र काढला नाही त्याने. चूक नसती तर माणूस भांडला असता की नाही? ताईने हे एकच वाक्य अकरा वर्षं उराशी धरलं होतं, आणि त्यावर तिची रात्रीची झोप चालत होती.

"तारखा कुणालाच आठवत नाहीत," संशोधिका म्हणाली. "घटना आठवतात. त्या सुमाराला घरात काय काय झालं, ते आधी घालू."

"लिफ्ट बंद पडली," ताई पटकन म्हणाली. "तेरा फेब्रुवारी."

"इतकं नेमकं?"

ताईचे कान तापले. लंबू लिफ्टचा मेकॅनिक होता आणि त्यांच्या इमारतीत पहिल्यांदा आला तो त्या दिवशी. दोन दिवसांचं काम त्याने आठ दिवस पुरवलं. का पुरवलं, ते सातही मजल्यांना कळलं होतं.

"तेव्हाच तो घरात शिरला," ती म्हणाली. "म्हणून लक्षात आहे."

संशोधिकेने फेब्रुवारीच्या चौकोनावर बारीकशी लिफ्ट काढली. मग धाकट्याने सांगितल्याप्रमाणे ऑक्टोबरपासून हिरवी रेघ ओढली. पुढच्या मे महिन्यात दाखल केल्याची खूण झाली. ताई समाधानाने मागे टेकली.

"आणि लाल?" संशोधिकेने धाकट्याला विचारलं.

धाकटा आता बत्तिशीत होता. सकाळी एका ग्रंथालयात फाटकी पुस्तकं बांधायचा, दुपारी गोळी घेऊन झोपायचा, आणि सांगितलेलं काम अगदी मन लावून करायचा. तो पट्टीवर वाकला. त्याचं बोट मे महिन्यावरून निघालं, हिरव्या रेघेवरून मागे गेलं, लिफ्टवरूनही मागे गेलं आणि तिच्या आधीच्या चौकोनावर थांबलं.

"इथून," तो म्हणाला. "डिसेंबर असेल. जानेवारी तर नक्कीच."

"अरे, तो तर तेव्हा आलाही नव्हता," ताई म्हणाली. "नीट बघ."

"नीटच बघतोय. आवाज मला लिफ्टमधूनच यायचे ना. आत माणसं बोलतायत, माझंच नाव घेतायत असं. म्हणून मी जिन्याने जायचो सात मजले. लिफ्ट बंद पडली तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

टेबलाखाली ताईचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. शिकाऊ गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा.

"त्याला काय आठवतंय," आई म्हणाली. "इतकी वर्षं औषधं खातोय तो. एकाचं दुसऱ्यात मिसळतं त्याच्या."

"मिसळत नाही गं," धाकटा जराही न चिडता म्हणाला. "मावशीकडे नाही का गेलो आपण जानेवारीत? तिथल्या त्या टक्कलवाल्या डॉक्टरांकडे? त्यांनी लिफ्टचं सगळं लिहून घेतलं होतं."

मावशीकडची ती वारी ताईला पक्की आठवत होती. पंधरा दिवस दोघं तिकडे होती. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मदतीला जातो, असं आईने सांगितलं होतं. ऑपरेशन काही झालं नाही, पुढे ढकललं म्हणे. त्यावर ताईने मावशीची थट्टाही केली होती.

"आई," ती म्हणाली, "कोण डॉक्टर?"

आईने पदराचं टोक सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "झोप लागत नव्हती त्याला. दाखवून आणलं एकदा. त्यात काय एवढं?"

"आणि मला सांगितलं नाहीस."

"असं कसं?" धाकट्याने चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. "तुला तर माहीत होतं की ताई. आई म्हणाली ना, ताईला सगळं सांगितलंय, पण तिच्यापुढे विषय काढू नकोस, तिला त्रास होतो. गोळीसुद्धा तूच द्यायचीस रोज रात्री."

"ती व्हिटॅमिनची गोळी होती!"

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. व्हिटॅमिनची जुनी बाटली, तिच्यात आईने भरून ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्या, आणि त्याने विसरू नये म्हणून पाण्याचा ग्लास घेऊन त्याच्या उशाशी उभी राहणारी ती स्वतः. दोन महिने तिने त्या दिल्या होत्या. मग आई म्हणाली, आता पुरेत, चांगला धडधाकट झालाय.

संशोधिकेने पेन्सिल खाली ठेवली. "आपण थोडा वेळ थांबू या का?"

"नको," ताई म्हणाली. "मला एक सांगा. गांजामुळे झालं नाही, असं आहे का मग?"

"तसं मला म्हणता येणार नाही. एका माणसावरून ते ठरत नाही. त्याने त्रास वाढलाही असेल. मी फक्त आधी काय झालं ते लिहितेय."

"तेच विचारतेय मीही. आधी काय झालं, आई?"

आईने दाराकडे पाहिलं, मग मुलाकडे. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बरा झाला होता गं तो. मग कशाला बोभाटा करायचा? चार लोकांत त्याचं नाव खराब. पुढे तो असा पडला आणि लंबू आपणहून म्हणाला, गांजा ओढायचो. डॉक्टरही तेच विचारत होते. मी गप्प बसले. खोटं नाही बोलले मी, फक्त गप्प बसले."

"मी त्याला फाडून खाल्लं तेव्हाही?"

"त्याची बदली झाली होती ना. लग्न झालं की तुम्ही दोघं निघून जाणार होतात." आईने डोळे पुसले. "तू गेली असतीस. हा असा. मी एकटीने काय केलं असतं?"

परक्याने केलं असतं तर ताईने घर डोक्यावर घेतलं असतं. पण इथे केसाने गळा कापणारी तिची आईच होती, आणि ती समोर रडत होती, आणि तिने म्हटलेल्यातलं शेवटचं वाक्य तर खरंच होतं. ताईला तिचा राग आला, किळस आली, आणि सवयीने तिच्या पाठीवर हात ठेवायला हात उचललाही गेला. तो तिने परत मांडीवर ठेवला.

मान्य केलंच पाहिजे, शिव्या द्यायला आई नव्हती गेली. कंपनीतही आई नव्हती गेली.

संशोधिकेने काही न विचारता जानेवारीचा चौकोन लाल केला. धाकटा आईकडे आणि ताईकडे आळीपाळीने बघत होता. आपण काय बिघडवलं ते त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय हे कळत होतं.

"मला वाटलं तुला माहीत आहे," तो म्हणाला. "लंबूलाही मी तसंच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सगळंच. आवाजांचं, त्या डॉक्टरांचं. दाखल केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, तो सकाळी भेटायला आला तेव्हा. तो रडत होता, माझ्यामुळे झालं म्हणून. मी म्हटलं, अरे नाही बाबा, हे आधीपासूनचं आहे, ताईला विचार हवं तर, तिला सगळं माहीत आहे."

सकाळी. ताईने वॉर्डाबाहेर त्याची हजेरी घेतली ती त्याच दुपारी.

आई खुर्चीला धरून उठली. "पुरे झालं आता. चल, घरी जाऊन बोलू."

"अकरा वर्षं घरीच होतो की आपण," ताई म्हणाली. ती जागची हलली नाही. धाकट्याकडे वळून तिने विचारलं, "आणि मी त्याला बोलले, त्यानंतर? परत आला होता तो तुझ्याकडे?"

"आला होता ना, निघताना. दोन मिनिटंच."

"काय म्हणाला?"

धाकट्याने आठवून बघितलं. त्याला नीट सांगायचं होतं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

"म्हणाला, तुझ्या ताईला मी नको होतो, तर तसं सरळ सांगायचं होतं तिने. गेलो असतो मी."