टाळू झाकणाऱ्या कंगव्याची कबुली

मी एक जुना कंगवा आहे, म्हशीच्या शिंगाचा. माझे तीन दात पडले आहेत, तेव्हा मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मला माझी एक चूक सांगायची आहे.

एका कारागिराने शिंग तापवून सपाट केलं आणि बारीक करवतीने माझा एकेक दात कापला. नगरच्या बाजारात मला नोहा भिंगारदिवे मास्तरांनी घेतलं. मास्तरांचे केस काय दाट होते! रोज सकाळी झोकदार भांग पाडून मी त्यांना शाळेत धाडायचो. पण पुढे माझ्या दातांत रोज चार केस जास्त अडकू लागले, आणि एक दिवस त्यांच्या डोक्यावर मला कामच उरलं नाही. मास्तर खो खो हसले आणि मला लेकीच्या हाती देत म्हणाले, "मरिया, हा तूच सांभाळ. माझ्याकडे उपाशी मरेल बिचारा!"

मरियाताई डॉक्टर झाल्या. टकलावर केस लावायची शस्त्रक्रिया शिकून आल्या आणि त्यांनी नगरात दवाखाना काढला. हे काम कांद्याच्या लागणीसारखं असतं. मागच्या वाफ्यातली रोपं उपटून पुढच्या वाफ्यात लावायची. जितकी रोपं, तितकंच रान हिरवं होणार. ताई प्रत्येकाला हे आधीच सांगत.

पाथर्डीचे जीपवाले कारभारी यांनाही त्यांनी सांगितलं होतं. वाऱ्याने टोपी उडाली की जीपमधली माणसं हसतात, म्हणून ते आले होते. दीड वर्षात त्यांच्या कपाळावर छान केस आले. टाळू मात्र उघडीच राहिली, कारण तेवढे केस मागे नव्हतेच.

१९९७ साली ताईंनी डॉक्टरांची परिषद भरवायचं ठरवलं. काही दवाखान्यांत शस्त्रक्रियेआधीचा फोटो ओल्या केसांचा, भर उन्हातला असे आणि नंतरचा छान विंचरून, मंद उजेडातला. तो पाहून माणसं भुलत, आणि फसली की ताईंच्या दवाखान्यात येऊन रडत. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच उजेडात, न विंचरता काढायचा आणि जमेल तेवढंच कबूल करायचं, या नियमावर साठ डॉक्टरांनी सह्या कराव्यात, हा ताईंचा ध्यास होता.

मग काय, दवाखान्यात नुसती धांदल! ताईंचे सहकारी डॉ. श्रीमंत याद्यांवर याद्या करू लागले. मंगल कार्यालय ठरलं, खुर्च्या ठरल्या. जेवणाला नगरची झणझणीत शिपी आमटी की साधं वरण, यावर दोन बैठका गेल्या. आमटी जिंकली.

पत्रिकेवर फोटो हवा म्हणून डॉ. श्रीमंतांनी कारभारींना बसवलं आणि ताईंच्या टेबलावरून मला उचललं. मित्रांनो, मी काय फिरलो म्हणून सांगू! पुढचे केस असे मागे नेले की टाळू दिसेनाशी झाली. मी तर फुशारून गेलो. ताईंनी फोटो पाहिला आणि बाजूला ठेवला.

"हे कंगव्याचं काम आहे, माझं नाही," त्या म्हणाल्या. "फोटो नकोच. कारभारींनाच मंचावर उभं करू. डोकं जसं आहे तसं सगळे पाहतील."

मी ड्रॉवरमध्ये गेलो. महिनाभर धूळ खात होतो. फार वाईट वाटलं, पण बोलणं खरं होतं.

परिषदेच्या सकाळी ताईंना माझी आठवण झाली. स्वतःचे केस विंचरून त्यांनी मला कोटाच्या खिशात ठेवलं. कार्यालयात शिरतो तर काय, डॉ. श्रीमंतांनी दारातच फेटेवाले बसवलेले! "पाहुणा आला आणि फेटा नाही? नगरचं नाव जाईल की!" केसांची परिषद आणि झाडून सगळी डोकी झाकलेली! कारभारींचंसुद्धा.

मंचावर ताई हळूच म्हणाल्या, "कारभारी, फेटा काढता ना?"

"न्हाई, डाक्टरीनबाई. मानाचा फेटा हाय. चार मान्सांत उतरवला तर लोक इचारतील, काय चुकलं ह्याचं?"

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. डोकंच दिसलं नाही तर सह्या कशाच्या? खिशात ताईंनी मला मुठीत घट्ट धरलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले नोहा मास्तर उठले. त्यांनी स्वतःचा फेटा उतरवला आणि लखलखतं टक्कल सगळ्यांना दाखवलं. "कारभारी, बघा बरं, माझा मान कमी झाला का?"

सगळे पोट धरून हसले. कारभारीही हसले. त्यांनी फेटा दोन्ही हातांनी काढून मास्तरांच्या हाती दिला. फेट्याखाली केस पार विस्कटलेले होते. डॉ. श्रीमंत खुणा करत होते, कंगवा, कंगवा! ताईंनी मला खिशातून बाहेर काढलंच नाही.

डॉक्टर जवळ येऊन न्याहाळू लागले. एकाने विचारलं, "टाळू तर उघडीच आहे. तुम्ही खूश आहात?"

"लई खूश! उघडी ऱ्हाईल, आसं बाईंनी आदीच सांगितलं हुतं. बोलल्या तेवढं दिलं. आता टोपी उडाली तर उडू द्या की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जेवणाआधीच साठही सह्या झाल्या. ताईंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

मग कारभारींनी हात पुढे केला. "आता तरी द्या की कंगवा!" मी बाहेर आलो. त्यांनी ऐटीत भांग पाडला, टाळू उघडीच ठेवली, आणि मास्तरांकडून फेटा घेऊन पुन्हा बांधला. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, मला अधूनमधून धूत जा, टाचेखाली येऊ देऊ नका. भांग हवा तसा पाडा, मी हौसेने पाडीन. फक्त कुणाला फसवायचं असेल, तर कृपा करून मला ड्रॉवरमध्येच राहू द्या.