भोंग्याची मुकी गाडी

"पेटव आता," कुशनवाला आतून म्हणाला, आणि भोंग्यानं बॉनेटखाली धरलेली बॅटरी पेटवली.

कुशनवाला पिकअपच्या केबिनमध्ये उलटा झोपला होता. पाय सीटच्या पाठीवर, डोकं क्लच-ब्रेकच्या खाली, आणि अंधार व्हावा म्हणून अंगावर जुनी चादर. गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, पण त्या अवस्थेत कुणी पाहिलं असतं तर गाडीनं माणूस गिळलाय असंच वाटलं असतं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला जिथं भोक होतं तिथून बॅटरीचा उजेड आत येत होता आणि तो खडूनं त्याभोवती गोल काढत होता. जिथून उजेड येतो तिथूनच आवाज येतो, हे त्याचं शास्त्र.

"सात," तो म्हणाला. "क्लचच्या वायरजवळच्या भोकातून तर उंदीर बिऱ्हाडासकट ये-जा करेल."

"काय?"

"उंदीर, उंदीर."

"कुठाय?" भोंग्यानं पाय उचलला.

कुशनवाल्यानं चादरीतून डोकं बाहेर काढलं आणि भोंग्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. भोंग्यानं घाईघाईनं नजर बॉनेटकडे वळवली. "एकही भोक ठेवू नकोस," तो म्हणाला. "सगळं बुजव. गाडी मुकी झाली पाहिजे."

भोंगा हे त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव अर्थातच नव्हतं. तो फोनवर बोलायला लागला की समोरच्याला फोनची गरज उरत नसे, म्हणून हॅचरीतल्या लोकांनी ते ठेवलं, आणि आता बँकेतली सही सोडली तर दुसरं नाव त्याच्या कामाला येत नव्हतं. अंड्यातून निघालेली एक दिवसाची पिल्लं हॅचरीतून लांबलांबच्या पोल्ट्रींवर पोचवायची, हे त्याचं काम. गाडी त्याची, पिल्लं हॅचरीची. खोक्यात शंभर पिल्लं, गाडीत पस्तीस खोकी, सोबतीला कुणी नाही. असं बावीस वर्षं चाललं होतं, त्यातली अठरा याच गाडीवर. गाडी जुनी झाली तशी तिला कंठ फुटत गेला. बॉनेटखालचा आवाज अडवणारा जाड लोकरी नमदा झडला, गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं आणि त्या जागी बायकोचा जुना स्वेटर कोंबला गेला, दारं तर रिकाम्या डब्यांसारखी वाजायची.

त्याचं भोंग्याला कधी काही वाटलं नव्हतं. पिल्लं नेणारा माणूस रस्त्यावर डोळे ठेवतो आणि कान मागे. पिल्लांना बरं वाटत असलं की ती आपसांत कुजबुजल्यासारखी चिवचिवतात. थंडी लागली की कोकलतात. उकडायला लागलं की मात्र गप्प होतात, आणि गप्प झाली की जिथं असू तिथं गाडी थांबवून ताडपत्री वर करायची. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगवळणी पडलं होतं.

आणि गेल्या महिन्यात ती गप्प झाली तेव्हा त्याला कळलंच नाही. ताडपत्री घसरून वाऱ्याची फट बंद झाली होती. पोल्ट्रीवर खोकी उतरवली तेव्हा दोन खोक्यांमधलं एकही पिल्लू हलत नव्हतं. पोल्ट्रीवाला रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती ती दोन खोकी बाजूला नेऊन ठेवली, आणि एवढा मोठा आवाज असलेला भोंगा परतीच्या वाटेवर रडला.

हॅचरीची सुपरवायझर बाई वयानं त्याच्या मुलीएवढी. तिनं आवाज न चढवता त्याला बसवलं. "काका, वर्षानुवर्षं अशा गाड्या चालवल्या की आधी बारीक आवाज जातात," ती म्हणाली. "बोलणं ऐकू येतं, पण पिल्लांचा आवाज येत नाही. माणसाला पत्ताही लागत नाही. एकदा कान तपासून घ्या." तिनं डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी दिली, महिन्याची मुदत दिली, आणि समजुतीनं हेही सांगितलं की कान अगदीच गेले असतील तरी काळजी करू नका, गेटवरचा वॉचमन आता काम सोडणारच आहे, ती जागा तुमची.

गेटवर एक स्टूल होतं. त्यावर बसून वॉचमन दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचा. भोंग्याला ते स्टूल स्वप्नात दिसायला लागलं. त्यानं चिठ्ठी घडी करून आरशाशेजारच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचली, आणि कान बिघडलेले नाहीत, गाडीच बिघडली आहे असं स्वतःला पटवून दिलं. बायकोला त्यानं चिठ्ठीबद्दल सांगितलं नव्हतं, पण गाडीचा आवाज कमी करायचा बेत सांगितला. ती भाजी चिरत होती. "नाचता येईना, अंगण वाकडं," ती चाकूकडे बघून म्हणाली. हे मात्र त्याला बरोबर ऐकू आलं.

दोन खेपांच्या मध्ये तीन दिवस मोकळे होते. कुशनवाल्यानं तेवढ्यात गाडी पार सोलली. सात भोकांना सात रबरं बसली. गिअरच्या दांड्याला नवा रबरी झगा मिळाला आणि स्वेटर निवृत्त झाला. दारांची आतली बाजू काढून त्यानं पत्र्याला जाड, डांबरासारखे चिकट तुकडे लावले. सगळा पत्रा झाकायचं कारण नसतं, थरथर मोडली की काम झालं, असं तो सांगत होता. भोंगा दारांच्या तळाची बारीक भोकंही बुजवायला निघाला तेव्हा त्यानं त्याच्या हातावर चापट मारली. ती पाणी निघून जायची वाट होती. मग खाली नमदा, वर चटई, बॉनेटला नवं अस्तर, दारांना नवी रबरं. केबिनच्या मागच्या भिंतीला हातभर रुंदीची खिडकी होती, जिची काच केव्हाच फुटून नुसती जाळी उरली होती. खोकी रचली की त्या जाळीतून खोक्यांशिवाय काही दिसत नसे, त्यामुळे भोंग्यानं तिकडे वर्षानुवर्षं पाहिलंही नव्हतं. कुशनवाल्यानं त्यावर दोन बोटं जाडीचा फोम ठोकला आणि वरून तपकिरी रेक्झिन, चौकटी-चौकटींची शिवण घालून. ती शिवण बघून भोंग्याला वाटलं, असा सोफा आपल्या घरात नाही.

"वाजव," कुशनवाला म्हणाला.

भोंग्यानं दारावर बोटांनी टकटक केलं. आधी टण्ण वाजणारं दार नुसतं ठप्प म्हणालं.

त्या दुपारी तो बायकोला आणायला तिच्या शाळेच्या ऑफिसवर गेला. ती बसली, तिनं दार ओढलं, ते पहिल्या फटक्यात लागलं. गाडी निघाल्यावर तिनं सवयीनं खिडकीकडे तोंड केलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "आज ह्यांना काय सुचलंय कोण जाणे. स्वतःहून न्यायला आले."

"गाडी दाखवायची होती," भोंगा म्हणाला.

ती दचकली. मग तिनं विचारलं, "आता सगळं ऐकू येणार का?"

"सगळं."

"मग मला आधी सांगायचं. इतकी वर्षं मी या गाडीत तुम्हांला काय काय बोललेय, ते ऐकू आलं नाही तेच बरं."

भोंगा इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर सुपरवायझर बाईचं वाक्य आठवलं. बोलणं ऐकू येतं. आधी बारीक आवाज जातात.

सकाळी आठला पस्तीस खोकी भरून तो निघाला. हवा थंड होती. गाडी तीच, रस्ता तोच, पण इंजिन शेजारच्या घरात सुरू असावं तसं वाटत होतं. भोंग्याला इंडिकेटरची टकटक ऐकू आली, जी या गाडीत असते हेच तो विसरला होता. तो खूश होता. पाच-सहा मैल तो खूशच राहिला.

मग त्याच्या लक्षात आलं की मागून काहीच येत नाही.

त्यानं वेग कमी केला. मान किंचित मागे झुकवली. टायरांचा आवाज येत होता, स्वतःच्या बाहीचा स्टेअरिंगवर घासल्याचा आवाज येत होता, आणि साडेतीन हजार पिल्लांचा मात्र एक चिवसुद्धा नव्हता. त्यानं गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. इंजिन बंद करून काही ऐकू आलं नसतं तर कसलीच सबब उरली नसती.

तो तसाच बसून राहिला, हात दाराच्या कडीवर. पिल्लं गप्प झाली असतील तर पस्तीसच्या पस्तीस खोकी गेली. आणि पिल्लं बोलत असतील आणि आपल्याला ऐकू येत नसेल, तर कान गेले. काहीही असलं तरी शेवटी स्टूलच. महिनाभर तो एकच गोष्ट मागत होता, कान शाबूत असू देत. आता त्याच्या मनात जे आलं त्याचं त्यालाच नवल वाटलं. कान गेले असू देत, तो मनात म्हणाला. मी बसेन गेटवर. पण ही जिवंत असू देत.

त्यानं कडी ओढली. नवं रबर दार सोडेना, त्यानं खांदा लावला, दार उघडलं.

आणि चिवचिवाट असा अंगावर आला की एक पाय खाली आणि एक वर अशा अवस्थेत तो तिथंच थांबला. साडेतीन हजार गळे एकदम, इंजिनाच्या वरून, रस्त्याच्या वरून. त्यानं हात आत घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि आवाज दुप्पट झाला. भोंग्याचा जीव भांड्यात पडला. तो गाडीला टेकून नुसता ऐकत उभा राहिला, आणि ऐकता ऐकता त्याला मागच्या उजव्या कोपऱ्यातलं एक खोकं वेगळं लागलं. बाकीची कुजबुजत होती, ते कोकलत होतं. तो मागे गेला. ताडपत्रीचा कोपरा सुटून नेमका त्या खोक्यावर वारा येत होता. त्यानं दोरी आवळली. जरा वेळानं तेही खोकं इतरांच्या कुजबुजीत मिसळलं.

मग त्यानं बायकोला फोन लावला. "अगं, मला ऐकू येतं," तो म्हणाला.

"कोण बोलतंय?" पलीकडून प्रश्न आला.

"मी."

"मी कोण?"

"मी, भोंगा."

"इतक्या हळू?" बायको म्हणाली, आणि मग एकदम घाबरून, "काय झालं तुम्हांला?" काही झालं नाही हे तिला पटवायला त्याला बराच वेळ लागला. त्या नादात त्यानं चिठ्ठीबद्दलही सांगून टाकलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "उद्या मी येते बरोबर."

केबिनमध्ये परत चढल्यावर, दार लावताच पुन्हा सगळं गप्प. तेव्हा भोंग्यानं पहिल्यांदा मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं. अठरा वर्षं या गाडीत पिल्लांचा आवाज येत होता. तो कुठून येतो याचा त्यानं एकदाही विचार केला नव्हता. त्यानं सुतळी कापायचा चाकू काढला. ती सुंदर शिवण बघून क्षणभर हात अडखळला. मग त्यानं तिन्ही बाजूंनी रेक्झिन आणि फोम कापून तळहाताएवढी झडप केली, ती वर दुमडून एका तारेनं अडकवली. जाळीतून आवाज आत आला. इतका स्वच्छ त्यानं तो या गाडीत कधीच ऐकला नव्हता.

पोल्ट्रीवर पस्तीस खोकी उतरली, पस्तीसही हलती. पोल्ट्रीवाल्यानं स्वतः झाकणं उघडून पाहिली, आणि भोंग्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको खरंच बरोबर आली. डॉक्टरनं भोंग्याला एका बंद खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. भोंग्यानं कुणीतरी शर्यत लावल्यासारखं बटण दाबलं. डावा कान उत्तम निघाला. उजव्याचे, खिडकीकडच्या बाजूचे, बारीक आवाज थोडे उतरले होते. फार नाही, पण गेलं ते परत यायचं नाही. दर वर्षी दाखवा, डॉक्टर म्हणाले, खिडकी बंद ठेवा आणि जमलं तर गाडीतला आवाज कमी करा. "तो केलाय," भोंगा म्हणाला. सुपरवायझर बाईंनी कागद वाचला, फाइलला लावला आणि मंगळवारच्या खेपेचा पत्ता त्याच्या हातात दिला.

मंगळवारी जायच्या आधी तो कुशनवाल्याकडे थांबला, कारण झडपेच्या कडेनं फोम उसवायला लागला होता. कुशनवाल्यानं आत डोकावून आपल्या शिवणीची झालेली दशा पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"कुणी केलं हे?"

भोंग्यानं सांगितलं. सुरुवातीपासून सांगितलं, चिठ्ठीसकट, स्टुलासकट.

"मग खिडकी झाकू नकोस, एवढं सांगायचं नाही?"

"मला तरी कुठं माहीत होतं," भोंगा म्हणाला.

कुशनवाला मोठी सुई घेऊन आत चढला. त्यानं कापलेल्या कडांना तपकिरी पट्टी शिवली, इतकी बारीक की ती झडप मुळापासून तिथंच होती असं वाटावं. मग जराशानं त्यानं खालच्या कडेला एक पितळी बटण लावलं आणि भिंतीला त्याचा जोड, म्हणजे कधी गाडी रिकामी असेल तेव्हा झडप बंद करता यावी.

ते बटण भोंग्यानं अजून एकदाही लावलेलं नाही.