कमळाबाईचा रिकामा गुंड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे. नाक मुरडू नका. आमच्या भागात उन्हाळ्यात देवाआधी माझी आठवण होते, आणि या गोष्टीचा मला बरीच वर्षं गर्व होता. आता तो राहिला नाही. कसा गेला, तेच सांगतो.

नागभीडच्या सोमाजीने जाड पत्रा ठोकून मला घडवलं. पोट एवढं मोठं केलं, की शेवटी त्याचं त्यालाच हसू आलं. हेमराजने मला टेम्पोत घालून ताडोब्याच्या जंगलालगतच्या आपल्या गावी आणलं. वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी त्याने आणि त्याच्या आईने, भागीरथाबाईने, अंगणात स्लॅबची एक मोठी खोली बांधली होती. मायलेक स्वतः मात्र शेजारच्या मातीच्या, कवेलूच्या छपराच्या घरात राहत. ते घर पाहुण्यांना दाखवायचीही त्यांना लाज वाटे.

पहिली वर्षं माझी चैनीत गेली. पाहुणे उन्हातून आले, की सदऱ्याची बटणं सोडून माझ्यासमोर बसत. वाघ दिसला नाही तरी जाताना माझं नाव काढत. भागीरथाबाई विहिरीतून बादल्या शेंदून माझं पोट भरायची, आणि मी ऐतखाऊ गटागटा प्यायचो. पाणी कुठून येतं, हा विचार कधी शिवला असेल तर शपथ!

पुढे उन्हाळाच बिघडला. मार्चमध्ये येऊन दारात बसायचा, तो जून अर्धा सरला तरी उठायचा नाही. स्लॅब दिवसभर तापायचा आणि संध्याकाळी सगळी आग खोलीत ओतायचा. मला दुप्पट पाणी लागू लागलं. विहीर मात्र खोल खोल चालली. आणि लोक यायचे ते नेमके मे महिन्यात, कारण जंगलातले पाणवठे आटले, की उरलेल्या पाण्यावर वाघ हमखास दिसतो. वाघ तहानलेला म्हणून पाहुणे खूश, पाहुणे खूश म्हणून आम्ही खूश. काय म्हणावं याला!

गेल्या मे महिन्यातली एक दुपार मी विसरणार नाही. गावातला हातपंप कोरडा पडला होता. शेजारची कमळाबाई कमरेवर गुंड, म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर, घेऊन विहिरीशी आली. तिची नात दिव्यानी तापाने फणफणली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गावात वैऱ्यालाही कुणी पाण्याला नाही म्हणत नाही. पण विहिरीचा तळ खरवडून जेमतेम दोन बादल्या निघाल्या होत्या, आणि कूलर सुकला म्हणून खोलीतून चौघे पाहुणे हाका मारत होते. भागीरथाबाईने एकदा कमळाबाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आज नाई बाई," ती खाली पाहत म्हणाली. "पावने हायेत."

कमळाबाई वळली. रिकामा गुंड घेऊन भर उन्हात परत गेली. त्या दोन बादल्या माझ्या पोटात पडल्या. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली.

पाहुणे जंगलात फिरायला गेले, तशी भागीरथाबाई आली आणि तिने माझ्या तळाचं बूच काढलं. उरलेलं पाणी बादलीत धरलं. पिण्याजोगं नव्हतं, पण पोरीचं अंग पुसायला चालणार होतं. ते कमळाबाईकडे पोचवून आल्यावर ती हेमराजला म्हणाली, "याले बाहेर काढ. आता मी कोणाले पाण्याले नाई म्हणणार नाई."

हेमराज चिडला. पाहुणे तुटतील, फोनवर वाईटसाईट लिहितील, मग खायचं काय, असं बरंच बोलला. ती ऐकून घेत राहिली आणि मातीच्या घरात पाहुण्यांच्या खाटा टाकत राहिली. दारापुढे तिने जांभळीच्या फांद्यांचा मांडव घातला. दोघे पाहुणे कुरकुरत दुसऱ्या दिवशी निघून गेले. उरलेले दोघे म्हातारे नवराबायको होते. ते मातीच्या भिंतींच्या गारव्यात असे गाढ झोपले, की पहाटे हलवून उठवावं लागलं.

त्यानंतर हेमराजने स्लॅब कमी तापावा म्हणून त्याला चुना फासला, छपराचं पावसाचं पाणी जिरावं म्हणून विहिरीजवळ खड्डा खणला. आता फोनवर तोच सांगतो, "मे महिन्यात येऊ नोका. दिवाळीनंतर या, जंगल हिरवंगार असते." काहींना पटतं. काही जण तेव्हा वाघ दिसेल का, एवढंच विचारतात आणि फोन ठेवतात.

मी गोठ्यात पडून आहे. माझ्या पोटात कोंबडी अंडी घालते. पण मार्च लागला आहे, मित्रांनो, ऊन आत्ताच चटके देतं, आणि पाहुणे यंदा फार थोडे. काल हेमराज आला, माझ्यावरची धूळ त्याने झटकली, वायर हातात धरून कितीतरी वेळ उभा राहिला. भागीरथाबाई दारातून पाहत होती. तो वायर टाकून गेला, पण ती गुंडाळून ठेवली नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. आमच्याकडे जरूर या, पण खोली गार आहे का हे विचारण्याआधी विहिरीत डोकावून पाहा. मी इथे गंजून गेलो तरी चालेल. भागीरथाबाईवर पुन्हा "आज नाई बाई" म्हणायची वेळ आणू नका.