पहिल्या पावलाचा मान

गुरुप्रसाद फोरमनला मान मिरवायची भारी हौस. कॅम्पातल्या गणपतीची पहिली आरती त्याची, मेसमधलं पहिलं ताट त्याचं. अशा माणसाच्या ड्रॉवरमध्ये धोंडीरामचा रजेचा कागद सहीवाचून दोन महिने पडून होता, आणि तिकडे गावी धोंडीरामची तीन वर्षांची पोर बापाला फक्त फोटोत ओळखत होती.

१९८१ साल होतं. आखातातल्या अल रय्यानमधल्या एका बड्या अरबाला युरोपात पाहिला तसला दगडी कमानीचा पूल आपल्या बागेत हवा झाला. वाळवंटात पूल! त्यासाठी आधी खाली पाट खणला. धोंडीराम साताऱ्याकडचा पाथरवट. कमानीचा एकेक दगड त्यानं घडवून बसवला होता.

कामावरच्या इंग्रज इंजिनियरनं एकदा गोष्ट सांगितली होती. त्याच्या मुलखातले असले जुने पूल म्हणे सैतानानं बांधले. मोबदला एकच, पुलावरून पहिला जाईल त्याचा जीव. गावकरी बेरकी. त्यांनी भाकरीचा तुकडा पलीकडे फेकला आणि कुत्रं पुढे सोडलं. ऐकून सगळ्यात जास्त हसला तो गुरुप्रसाद.

कमानीचा शेवटचा दगड बसला. कमान पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याला, सेंटरिंगला, एकवीस दिवस हात लावायचा नाही, असं बजावून इंजिनियर रजेवर गेला. नवव्याच दिवशी गुरुप्रसादनं मुनाफ सुताराला ते काढायला लावलं. मालक गुरुवारी पूल बघायला येणार होते ना!

"साहेब, सांधं अजून कच्चं हायती," धोंडीराम म्हणाला. "वजन पडलं तर कमान खाली यील."

"तुझी अक्कल छिन्नीपुरती ठेव, धोंड्या."

गुरुवारी मालक आले. इंजिनियरही सकाळच्या विमानानं येऊन हजर झाला. इस्त्रीच्या शर्टातला गुरुप्रसाद धोंडीरामच्या कानाशी लागला. "चल, पहिला तू जा. त्यांच्याकडे कुत्रं सोडतात, आपल्याकडे तू आहेस. पार गेलास तर संध्याकाळी सही."

धोंडीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला हातोडा याच्याच टाळक्यात घालावा असं त्याला वाटलं. त्यानं तो खाली ठेवला, गुरुप्रसादपुढे हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोडक्या हिंदीत म्हणाला, "साब, हमारे गाव में नये पूल पर पहिला पाव बडे आदमी का. मान आपका!"

मजुरांची हिंदी मालकांच्या कानाला सवयीची होती. ते खूश झाले. "यल्ला!" म्हणत त्यांनी गुरुप्रसादला हातानंच पुढे व्हायला सांगितलं.

गुरुप्रसादनं एक पाय दगडावर ठेवला. दुसरा काही केल्या उचलेना. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला.

आखातात वर्षं काढलेल्या इंजिनियरला एवढी हिंदी कळत होती. त्यानं वाकून कमानीखाली पाहिलं. "सेंटरिंग कब निकाला?"

"नववे दिन, साब," मुनाफ बोलून गेला.

इंजिनियरनं सगळ्यांना मागे सारलं आणि पुन्हा टेकू लावायला सांगितले. मालक तडक गाडीत जाऊन बसले. गुरुप्रसादला चारचौघांत बोलणी खावी लागली, पण रजेचे कागद अजून त्याच्याच हातात होते. दुपारी त्यानं धोंडीरामला ऑफिसात बोलावलं आणि त्याच्यासमोर कागदाचे चार तुकडे केले.

"आता वर्षभर रजा नाही. खलास."

पोर आता चार वर्षांची होणार, तीही फोटोतल्या बापाकडे बघतच. पण धोंडीरामनं हातापाया पडायचं नाव काढलं नाही.

"ऱ्हातो की, साहेब," तो म्हणाला. "पन टेकू निघालं की पुलावर पयला मीच जानार. माझ्या पायानं. कुनी सोडलं म्हनून न्हाई."