भिंतीवरची चकती

अमेरिकेतल्या होल्योक गावच्या कालव्यांवर बर्फ धरलं की म्हाताऱ्या ओव्हिला शार्बोनोच्या घरातले रेडिएटर बोलायला लागत. तळघरात बॉयलर पेटे, वाफ दमादमानं पाइपांतून चढे, आणि एकेका खोलीतून आधी सुस्कारा, मग शीळ, मग ऊब. ही ऊब कधी यायची ते ठरे जिन्यापाशी भिंतीवर बसवलेल्या पितळी चकतीवर, जुन्या थर्मोस्टॅटवर. लग्नापासून ती फिरवायचा हात एकट्या ओव्हिलाचा. बायको होती तोवर तीही म्हणे, "अहो, जरा वाढवा," पण स्वतः हात लावत नसे.

यंदा मात्र त्यानं चकती फिरवली आणि फिरवल्याचं विसरला. पुन्हा फिरवली. पुन्हा विसरला. काटा नव्वद अंश फॅरनहाइटवर गेला. वाफ यायला उशीर लावते आणि आली की सांगून थांबत नाही. घराची भट्टी झाली. मग वाफेच्या घरात त्या गावातले सगळेच करतात तेच त्यानं केलं, खिडक्या उघडल्या आणि झोपला. जिन्यातला गार वारा चकतीला लागत राहिला, घर थंडच आहे असं समजून बॉयलर धडधडत राहिला, आणि स्वयंपाकघरात उघड्या खिडकीखाली नळाचा पाइप गोठून फुटला.

"आणखी एकदा असं झालं तर बाबा त्या घरात राहणार नाहीत," ॲरिझोनाहून त्याच्या मुलानं, रेआलनं, बहिणीला फोनवर बजावलं. "वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलंय मी."

"तिकडं उन्हात बसून बोलायला काय जातंय?" सोलांज म्हणाली.

"उन्हात बसलोय म्हणून माझं डोकं तरी ठिकाणावर आहे. फोनवरून चालणारा थर्मोस्टॅट घे. कुलूप असलेला."

दुकानातल्या डोम्ब्रोव्स्कीबाईंनी आधी विचारलं, "गरम पाणी की वाफ?"

"वाफ."

"मग तासाला एकदाच पेटेल असा लावून घ्यायचा. सारखी चालू-बंद केलीत तर वाफ शेवटच्या खोलीपर्यंत पोचत नाही. आणि रात्री फार उतरवायचं नाही, सकाळी घर तापता तापत नाही." त्यांनी दोन डबे पुढे ठेवले. एक हातानं फिरवायचा, जुन्यासारखाच. दुसरा फोनवरचा. "कुणासाठी?"

"वडिलांसाठी."

"त्यांनी हात लावावा म्हणून, का लावू नये म्हणून?"

सोलांज दोन्ही डब्यांवरचं बारीक अक्षर वाचत राहिली. शेवटी तिनं दुसरा उचलला.

नवा थर्मोस्टॅट जेवणघरात कपाटाच्या कडेला बसवला गेला. वायरमननं विचारलं, "जिन्यातली चकती काढू?" वडील बाहेरच्या खोलीत सूप पीत होते. ती हळूच म्हणाली, "राहू दे. मागच्या तारा तेवढ्या काढ."

आणि ते चाललं. दुसऱ्या कुठल्या घरात ते पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. पण वाफेच्या घरात चकती फिरवल्याबरोबर उत्तर यावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. ओव्हिला चकती फिरवी, खुर्चीत बसे, वाट बघे. कधीतरी रेडिएटर सुस्कारत, आणि तो समाधानानं मान हलवी. "ऐकते अजून माझं," तो म्हणे. सोलांज तोंड फिरवून भांडी घासे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती दुपारी आली, तेव्हा तो चकतीसमोर उभा होता. घर छान उबदार होतं. त्याचा चेहरा मात्र उतरलेला.

"काय झालं, बाबा?"

"तुला उकडतं ना इथं. तू येणार म्हणून सकाळीच खाली केली होती. पार पन्नासावर." त्यानं रेडिएटरकडं बोट दाखवलं. तो मजेत शीळ घालत होता. "मला वाटतं मी केलीच नाही. केली असं नुसतं वाटलं. परवाही तसंच झालं." तो थांबला. "रेआल म्हणत होता ना, वृद्धाश्रमात नाव घातलंय? त्याला सांग, बरं केलंस. माझं डोकं गेलं, पोरी."

काटा पन्नासावरच होता. त्याला तो दिसत होता, आणि तरी विश्वास काट्यावरून नव्हे, स्वतःवरून उडाला होता.

"तुमचं काही चुकलं नाही," सोलांज म्हणाली. "तुम्ही फिरवली होतीत. तिच्या तारा काढल्यात."

"कुणी?"

"मी काढायला लावल्या. आता ऊब माझ्या फोनवरून येते."

त्यानं चकतीवर ठेवलेला हात काढला आणि स्वेटरच्या खिशात घातला. ती रागाची वाट बघत होती. राग आला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी बसायचो तिथं," तो खुर्चीकडं बघत म्हणाला, "आणि तू बघायचीस."

"बाबा, तुम्हाला या घरात ठेवायचं होतं मला."

"हं." पाइपात कुठंतरी टकटक झाली. दोघांनीही तिकडं बघितलं. "मग आता थंडी वाजली तर मी कुणाला सांगायचं?"

"मला."

"उचलशील फोन?"

सोलांज शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती; सकाळपासून दुपारपर्यंत तिचा फोन कपाटात कुलूपबंद असे. तशी सक्तीच होती तिथं.

"उचलीन," ती म्हणाली. त्यानं मान हलवली, रेडिएटर सुस्कारला की हलवायचा तशीच, समाधानानं, आणि सोलांज तोंड फिरवून भांडी घासायला लागली.