बॉल निघून गेला होता

दवाखान्याच्या जिन्यापाशी तेजल उभी होती आणि वर जायला तिचे पाय तयार नव्हते. दुपारी मात्र हेच पाय भलतेच तयार होते.

वरच्या मजल्यावर समोरच्या टीममधल्या स्वरदाला ठेवलं होतं. पायाचं हाड मोडलंय हे एक्स-रे काढून मग डॉक्टरांनी सांगितलं, पण ते मैदानावर सगळ्यांना आधीच कळलं होतं. तो आवाज बाहेर भेळेच्या गाडीवर उभ्या असलेल्या माणसांनीही ऐकला होता. तेजलच्या कानातून तो अजून जात नव्हता.

"काय सांगायचं ते लक्षात आहे ना?" रविराज सरांनी विचारलं. एकलहऱ्याच्या मुलींना फुटबॉल शिकवणारे सर. माणूस वाईट नाही, पण टीमवर आलं की खोट्याला खोटं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"मी बॉलवर गेले होते. टर्फ ओलं होतं, घसरले," तेजल म्हणाली.

"बास. त्याच्यापुढं एक शब्द नाय. मुद्दाम केलं असं कुणाला वाटलं ना, तर जिल्ह्याच्या टीममधून तुझं नाव गेलंच समज. आणि तिच्या घरची माणसं पोलिसात जातील ते वेगळं."

तेजलची आई, सुमनबाई, हातात शहाळ्यांची पिशवी घेऊन शेजारीच उभी होती. पोलीस हा शब्द ऐकल्यावर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

टर्फ ओलं होतं हे काही खोटं नव्हतं. एकलहऱ्याच्या मुली ज्या मैदानावर शिकल्या, तो मूळचा खड्डा. कुणीतरी कधीतरी वीजकेंद्राची राख आणून टाकली आणि तो सपाट केला. त्या राखेत पाय टाकून अंग झोकलं की माणूस हातभर घसरतो आणि रुततो. कपड्यांचा रंग ओळखू येत नाही, आया शिव्या घालतात, पण लागत कुणालाच नाही. त्यामुळे या मुलींना बॉल काढायला लांबूनच अंग टाकायची खोड. 'एकलहऱ्याच्या पोरी आधी पडतात, मग बॉल शोधतात' अशी जिल्ह्यात थट्टा व्हायची आणि पोरींना त्याचा अभिमानच वाटायचा. आजचा सामना होता कृत्रिम गवताच्या नव्या हिरव्या टर्फवर, तेही सामन्याआधी पाणी मारलेल्या. सरांनी बजावलं होतं, इथं पडू नका, उभं राहून खेळा. तेजलने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

स्वरदा पहिल्यांदा तिला चकवून गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा तिने बॉल तेजलच्या दोन पायांमधून काढला, तेव्हा लोक हसले. जिल्ह्याच्या टीमची निवड करायला आलेल्या बाईही हसल्या. त्यानंतर बॉल आपल्या बाजूला येऊच नये, एवढंच ती मनातल्या मनात म्हणत राहिली.

लोकांना वाटतं, असा पाय घालणारे खेळाडू तापट असतात, नाहीतर मुळातच दुष्ट. असतातही काही. पण रागावलेला माणूस परवडला, त्याचा राग लांबून दिसतो, समोरचा बाजूला तरी होतो. भ्यालेल्या माणसाचं तसं नाही. तो शांत दिसतो. आता ही पुढे गेली की आपण संपलो, याच्यापलीकडे त्याला काही सुचत नाही, आणि मग तो काय करेल याचा नेम नसतो.

तिसऱ्यांदा स्वरदा आली. तिने बॉल पुढे ढकलला. तो तेजलच्या बाजूने निघून गेला, आणि तो गेलेला तेजलने पाहिला. तिथे थांबता आलं असतं. उभं राहायचं, वळायचं, मागे पळायचं. कदाचित गोल झाला असता, कदाचित नसता झाला. तेजलने अंग झोकून दिलं. राख असती तर ती मध्येच रुतली असती. टर्फवर ती घसरतच गेली, आणि तिचा बूट स्वरदाच्या टेकवलेल्या पायावर नडगीपाशी आदळला.

टर्फ ओलं होतं हे खरं. बॉल निघून गेला होता हेही खरं. पहिलं सगळ्यांना सांगता येत होतं, दुसरं एकट्या तेजलला माहीत होतं. कुणी सरळ डोळ्यांत बघून विचारलं तर काय, याचीच तिला धास्ती होती.

वरून चपलांचा आवाज आला. स्वरदाची आई, मालिनीताई, जिन्यावरून खाली आल्या. बँकेतून तशाच निघून आलेल्या असाव्यात, गळ्यातलं ओळखपत्रही काढलेलं नव्हतं. त्यांनी तेजलकडे पाहिलं.

"तूच का ती?"

तेजलने मान हलवली. आता कानाखाली बसणार असं तिला वाटलं. बसली असती तर बरंही वाटलं असतं.

"ताई, फार वाईट झालं," सर पुढे झाले. "पण टर्फ ओलं होतं, पोरगी बॉलवर गेली होती."

"सर, मी तिला विचारतेय. मुद्दाम घातलास का पाय?"

पाठ केलेलं वाक्य तेजलच्या जिभेवर आलं. तिने आईकडे पाहिलं. सुमनबाई जमिनीकडे बघत होती.

"बॉल निघून गेला होता," तेजल म्हणाली. "मला दिसला होता."

सरांनी हळूच "अगं" म्हटलं.

"मग?"

"मी घाबरले होते."

"कुणाला?"

"तिलाच. ती परत पुढे गेली असती तर लोक परत हसले असते." तेजलने सरांकडे पाहिलंही नाही. "तिला लागावं असं मनात नव्हतं. पण ती पुढे जाऊ नये एवढं होतं. त्यासाठी काय होईल, त्याचा विचार केला नाही."

आता पोलिसांचं नाव निघणार म्हणून तेजलने आईचा पदर धरला, लहानपणी धरायची तसा.

"दुपारपासून पोरगी एकच विचारतेय," मालिनीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण धडही राहिला नाही. "'आई, मी तिचं काय वाईट केलं होतं गं?' मी काय उत्तर देऊ? चल, तूच दे."

तेजल त्यांच्या मागून जिना चढली. सुमनबाई शहाळी घेऊन पाठोपाठ आली, सर खालीच राहिले. खोलीबाहेर तेजलने चपला काढल्या आणि दार लोटलं.

स्वरदा पलंगावर टेकून बसली होती, एक पाय प्लास्टरमध्ये. दार वाजलं तसं तिने वर बघितलं, तेजलला ओळखलं, आणि दुसरा, धड असलेला पाय चटकन पोटाशी ओढून घेतला.