महिपतीभाऊंचं थांबणं

रबरी सील बनवणाऱ्या आमच्या कारखान्यातले हँडलचे प्रेस गेले आणि पडद्यावर बोट ठेवून चालवायचे प्रेस आले. ते शिकवायचं काम माझ्याकडं. वडिवळ्याचे महिपतीभाऊ सव्वीस वर्षं प्रेसवर, पण चाचणीत दोनदा नापास. तिसऱ्यांदा नापास झाले की पॅकिंगला बदली. मशीन सुटणार या धसक्यानं माणूस डबाही नीट खाईना.

अकराच्या अकरा पायऱ्या त्यांना तोंडपाठ. विचारल्या की घडाघड सांगत. पण पडद्यापुढं एकटे उभे राहिले की एक पायरी करायचे, बोट वर धरून थांबायचे, तेवढ्यात वेळ संपून पडदा लाल. मी शेरा लिहिला, ‘आकलन कमी.’

त्याच सुमारास समीक्षा आली. कामात बदल आला की मोठी माणसं नवं कसं शिकतात, यावर तिचं विद्यापीठात संशोधन चालू होतं. महिनाभर ती वही घेऊन आमच्यात वावरली. माणसं कारखान्याबाहेर काय शिकतात तेही तिला बघायचं होतं, म्हणून वडिवळ्याच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला मी तिला नेलं. मी आपला बुवांच्या पुढ्यात बसलो. कीर्तनात माझी नजर बुवांवरून हलत नाही. समीक्षा बायकांत, बाजूला बसली होती आणि बघत होती मागच्या टाळकऱ्यांकडं.

काला घेताना तिनं हळूच विचारलं, "सर, महिपतीभाऊ इथंही थांबतात. कधी पाहिलंत?"

माझा घास हातातच राहिला. बुवांनी चरण सोडायचा, मग मागच्यांनी उचलायचा. चाळीस वर्षं हा माणूस त्या रांगेत उभा. आपलं म्हणून झालं की दुसऱ्याच्या आवाजाची वाट बघायची, हेच त्यांचं शिकणं. आणि मी ते अडाणीपणात धरलं होतं.

चाचणीच्या सकाळी मी प्रेसवरच्याच गोरखला आणि आणखी दोघांना भाऊंच्या मागं उभं केलं. तिघंही त्यांच्याच रांगेतले टाळकरी. नियम वाचून घेतला होता. पायरी सांगायला मनाई होती. त्यानं स्वतः म्हटलेली मागून पुन्हा म्हणायला नव्हती.

"भाऊ, आज बुवा तुम्ही," मी म्हणालो.

ते बिचकले. "न्हाई सर, ती जागा नारदाची. आमी मागचं."

"सोडा तुमी, आमी उचलतो," गोरख म्हणाला. "टाळ तेवढं हितं चालायचं न्हाईत."

भाऊ पुढं झाले आणि वाकून बूट काढायला लागले. नारदाच्या जागेवर पायात घालून कसं उभं राहायचं? सेफ्टी बूट काढता येत नाहीत, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी त्यांनी पडद्याला हात लावून कपाळी नेला.

"साचा बंद."

"साचा बंद," मागून तिघं.

आवाज आला आणि अडलेलं बोट खाली आलं. मग तापमान, मग दाब. एक म्हणणं, एक उचलणं. शेजारच्या प्रेसवरची माणसंही थबकली. कीर्तनात देव उभा राहतो, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. तेल आणि जळक्या रबराच्या वासात माझ्या अंगावर काटा आला. अकरावी पायरी झाली. पडदा हिरवा.

समीक्षाची लेखणी केव्हाची थांबली होती.

डोळे पुसून भाऊंनी गोरखला पुढं ढकललं, कारण पुढची चाचणी त्याची होती, आणि स्वतः त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. मी पडद्याकडं बघायचं विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी मागच्या रांगेकडं बघत होतो.